नाही म्हणायची सोय

इंदूताई आठल्ये यांना आमच्या हॉस्पिटलनं ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’बद्दल काचेचं मानचिन्ह दिलं, त्याच दिवशी सकाळी त्यांनी एका पेशंटच्या मेव्हण्याला खोलीतून बाहेर काढलं होतं.

मेव्हणा स्वतः डॉक्टर होता, ह्यूस्टनहून गाडी चालवत आला होता, आणि किडनी देणारी त्याची बायको तोंड उघडायच्या आत तिच्या वतीनं उत्तर देत होता. इंदूताईंनी त्याचं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, “किडनी तुम्ही देताय का?”

“नाही, मी फक्त तिला सपोर्ट म्हणून...”

“मग खाली कॉफी चांगली मिळते.”

दुपारी त्याच बाई सभागृहात मंचावर उभ्या होत्या आणि हॉस्पिटलचे मोठे साहेब त्यांच्या ‘कुटुंबसंस्थेबद्दलच्या हळुवार जाणिवे’बद्दल बोलत होते. मी तिसऱ्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे ठाऊक नव्हतं.

मी मूळची उदगीरची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे छापील कागदावर माझा फार विश्वास. नवऱ्याच्या नोकरीमागून टेक्सासमधल्या प्लेनोला आले, इथं पुन्हा शिकले आणि डॅलसच्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात, जिवंतपणी किडनी देणाऱ्यांच्या विभागात, कोऑर्डिनेटर म्हणून लागले. दात्यांच्या अपॉइंटमेंट लावायच्या, त्यांच्याबरोबर राहायचं, हे माझं काम. इंदूताई तिथं जेनेटिक काउन्सेलर होत्या. एखाद्या घरात किडनीचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला असला, तर किडनी द्यायला पुढं आलेल्या नातेवाईकालाही तो असू शकतो. इंदूताईंचं काम अशा माणसाला बसवून समजावणं. त्या स्वतः ते एका वाक्यात सांगायच्या: “जे द्यायला निघालायस, ते तुझ्याकडे तरी धड आहे का, एवढंच बघायचं.”

साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या. सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर आल्या, दोन मुलं वाढवली आणि मुलं कॉलेजात गेल्यावर स्वतः कॉलेजात गेल्या. त्यांच्या निवृत्त नवऱ्याचा, आठल्येकाकांचा, रोज जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा. वरण गरम करायचं भांडं कुठलं, असा काहीतरी प्रश्न असायचा. “या माणसानं तीस वर्षं पूल बांधले,” फोन ठेवून त्या म्हणायच्या, “लोक त्यांवरून जातात अजून.”

समुपदेशनाच्या खोलीत टिश्यूचा डबा टेबलावर ठेवायचा असा आमच्याकडे नियम होता. इंदूताई आल्या आल्या तो ड्रॉवरमध्ये टाकायच्या. “डबा समोर दिसला की माणसाला वाटतं, रडणं अपेक्षित आहे. मग न रडणाऱ्याला अपराधी वाटतं आणि रडणाऱ्याला घाई होते.” कुणाला खरंच लागला तर ड्रॉवर उघडायचा, पण त्यांनी कुणाच्या हातात टिश्यू कोंबलेला मी पाहिला नाही. वाईट बातमी सांगून झाली की त्या गप्प बसत. त्यांचं गप्प बसणं हॉस्पिटलात प्रसिद्ध होतं, कारण एरवी त्या कधीच गप्प नसत.

घराण्याचं झाड काढायला त्या पेन्सिल वापरत. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आजारी असेल तो काळा करायचा. बाकीचे काउन्सेलर ते कॉम्प्युटरवर करत. “आपल्या लोकांचं पेनानं काढता येत नाही,” त्या मला म्हणाल्या, “आपल्याकडे आत्या उशिरा उगवतात.”

मला ते विनोदानं म्हणल्यासारखं वाटलं होतं.

त्या वर्षी हॉस्पिटलनं बाहेरून एक तज्ज्ञ बाई बोलावली, वेगवेगळ्या देशांच्या पेशंटशी कसं वागावं हे शिकवायला. तिच्याकडे प्रत्येक देशाची एक स्लाइड होती. आपली आली तेव्हा मी वही काढली. भारतीय माणसं थेट नाही म्हणत नाहीत, असं त्यात होतं. तिनं आदरानं इंदूताईंकडे पाहिलं. “तुमचा काय अनुभव?”

“अगदी खरं आहे,” इंदूताई म्हणाल्या, “माझ्या सासूबाई सोडून.”

बाईंनी ते लिहून घेतलं.

त्यातून पुढं एक समिती झाली, आणि समितीतून एक कार्ड निघालं. ते मी टाइप केलं आणि लॅमिनेटही मीच केलं: दक्षिण आशियाई कुटुंबांत निर्णय सगळे मिळून घेतात, तेव्हा ज्येष्ठांना चर्चेत सामील करून घ्यावं. इंदूताई समितीच्या प्रमुख होत्या आणि त्यांनी एकटीनं विरोधात मत दिलं. “ज्येष्ठांना सामील करून घ्यावं लागत नाही,” त्या म्हणाल्या, “ते आधीच येऊन बसलेले असतात.” त्यांचं मत नोंदवलं गेलं आणि कार्ड प्रत्येक खोलीत लागलं.

मग दोन हजार चारच्या सुमाराला माने कुटुंब आलं. नावं, गावं मी बदलली आहेत आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या सगळ्यांना विचारलं आहे. न विचारता लिहिलं असतं तर इंदूताईंनी मला खाली कॉफीला पाठवलं असतं.

रवी माने, सांगलीचा, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये. चाळिशीच्या आत दोन्ही किडन्या फुग्यांनी भरून निकामी झालेल्या, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. बायको मेधा, नागपूरची. पाच वर्षांची मुलगी, अन्वी. किडनी द्यायला धाकटा भाऊ प्रशांत व्हिजिटर व्हिसावर आला होता, वय सत्तावीस, आणि त्याच्याबरोबर आई. आईनं किडनी द्यायची तयारी आधीच दाखवली होती, पण तिला साखर होती, म्हणून ती बाद.

झाड काढायला इंदूताईंनी रवीपासून सुरुवात केली.

“वडील कशानं गेले?”

“हार्टनं.”

“शेवटी सगळेच हार्ट बंद पडून जातात. त्याआधी काय होत होतं?”

रवीनं आईकडे पाहिलं. मानेकाकू म्हणाल्या, “पोट मोठं झालं होतं. जेवण जात नव्हतं, तरी पोट मोठं. अंगावर सूज. कुणी कावीळ म्हणायचे, कुणी बाहेरचं म्हणायचे.”

“वय?”

“पन्नाशीही नव्हती.”

इंदूताईंनी एक चौकोन अर्धा काळा केला. “त्यांची भावंडं?”

“एकटेच होते,” रवी म्हणाला.

पेन्सिल थांबली. “गणपतीला तुमच्या घरी कोण कोण यायचं?”

रवीनं नावं सांगितली. त्यांत मिरजेच्या आत्येचा मुलगा होता.

“आत्या होत्या?”

“हो. दोन.”

“मग मघाशी एकटे म्हणालास ते?”

“भाऊ नव्हता ना त्यांना,” रवी म्हणाला. त्याला स्वतःच्या बोलण्यात काहीच वावगं दिसलं नाही. इंजिनिअर होता, इंग्रजी उत्तम होतं, आणि डायलिसिस सेंटरमधल्या प्रत्येक फॉर्मवर त्यानं हेच भरलं होतं.

थोरली आत्या सासरी वारली होती पंचेचाळिशीत, अंगावर सूज येऊनच. ती सासरचं माणूस, म्हणून तिचा आजारही सासरचाच धरला गेला होता. इंदूताईंनी शांतपणे दोन गोल काढले आणि एक काळा केला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण आत्या उगवली होती.

आता चित्र स्पष्ट होतं. बापाकडून आलेला आजार, प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. प्रशांतची सोनोग्राफी स्वच्छ होती, पण तिशीच्या आत स्वच्छ सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. फुगे पुढंही येतात. म्हणून रक्तातली जनुकांची तपासणी करणं भाग होतं.

कार्डानुसार आईला चर्चेत सामील करून घेतलं. आमच्या अमेरिकन समाजसेविकेनं प्रशांतला विचारलं, तुमची स्वतःची तयारी आहे का? दुभाष्यानं प्रश्न मराठीत सांगितला. मानेकाकू म्हणाल्या, “तयारी म्हणजे काय? भाऊ आहे त्याचा.” प्रशांतनं मान हलवली. समाजसेविकेनं ‘कुटुंबात विलक्षण एकोपा’ असं लिहिलं. नर्सनं प्रशांतचं ब्लड प्रेशर घेतलं, ते वर आलं. पुढच्या खेपेला पुन्हा वर आलं. काकू दोन्ही वेळा शेजारच्याच खुर्चीत होत्या.

तिसऱ्या भेटीला इंदूताईंनी कार्ड भिंतीवरून काढलं नाही. त्या फक्त काकूंना म्हणाल्या, “मानेवहिनी, आमची डाएटिशियन थांबलीय तुमच्यासाठी. रवी लहानपणापासून काय खात आला, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

काकू उठल्या. भारतात किंवा अमेरिकेत, या निमंत्रणाला नकार देणारी आई मी पाहिलेली नाही. डाएटिशियन जेनिफर, फोनवर मराठीची दुभाषी, आणि काकू. दार लोटलं गेलं.

“आता इथं आई नाही, भाऊ नाही,” इंदूताई प्रशांतला म्हणाल्या. “ही कोऑर्डिनेटर आहे. तुझी हरकत असेल तर तीही जाईल.”

“असू देत ताई.”

“किडनी द्यायचीय?”

“हो.”

“आई नाहीये इथं, म्हटलं मी.”

“मॅडम, वडील गेल्यावर दादानं मला वाढवलं. एक काय, दोन्ही घ्या.”

“दोन्ही नाही घेत आम्ही. एवढे वाईट नाही.”

तो हसला, आणि मग म्हणाला, “फक्त ती टेस्ट नको.”

इंदूताई गप्प बसल्या. तो प्रसिद्ध गप्पपणा.

“साखरपुडा झालाय माझा,” प्रशांत म्हणाला. “कोल्हापूरची आहे. टेस्ट केली तर कळणार. कळलं की सांगायला लागणार. सांगितलं की मोडणार.”

“आणि न कळता लग्न केलंस तर?”

“तर मी फसवलं नाही ना. मलाच माहीत नव्हतं.”

पोट कापून घ्यायला हा माणूस सात समुद्र ओलांडून आला होता. पोटात काय आहे ते ऐकायची मात्र त्याची तयारी नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्याला इतका शूर आणि इतका घाबरलेला एकाच खुर्चीत पाहत होते.

“टेस्टशिवाय घेणार नाही आम्ही,” इंदूताई म्हणाल्या. “तुलाही तोच आजार निघाला, तर उरलेली एक तुला पुरायची नाही. टेस्ट करायची की नाही, हे तुझ्यावर. नाही म्हणालास तर देणंही थांबलं.”

“म्हणजे मी दादाला नाही म्हणालो, असं होणार.”

इथं मला राहवलं नाही. आमच्या विभागाच्या ज्या नियमाचा मला सर्वांत अभिमान होता, तो मी त्याला सांगितला. दाता मागं फिरला तर आम्ही घरच्यांना फक्त एवढंच कळवतो की दाता योग्य ठरला नाही. कारण सांगत नाही. पेशंटला नाही, आईला नाही, कुणालाच नाही. नाही म्हणायची ही सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली आहे.

प्रशांत माझ्याकडे बघतच राहिला.

“ताई, कारण सांगितलं नाही, तर अख्ख्या सांगलीला कारण कळेल की.”

त्यानं नंतर समजावून सांगितलं, मी लहान मूल असल्यासारखं. थोरल्याला आजार. धाकटा द्यायला गेला. डॉक्टर म्हणाले चालणार नाही, आणि का ते सांगेनात. मग काय राहिलं? कोल्हापुरात ही बातमी पोचायला एक फोन पुरेसा. आमच्या हॉस्पिटलनं एवढा विचार करून बांधलेलं मौन त्याच्या गावात दवंडीसारखं वाजणार होतं.

इंदूताईंनी पेन्सिल खाली ठेवली. खोटं त्या बोलत नसत. एकदा एका सुनेनं “माझा रक्तगट जुळत नाही असं सांगाल का” म्हणून हात जोडले, तेव्हाही त्यांनी खोटा रक्तगट सांगितला नव्हता. तिच्या घरच्यांना बोलावून त्यांनी स्वतः सांगितलं होतं, की या मुलीला मी पुढं जाऊ देणार नाही, आणि भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा. ते भांडले. एकानं तर मराठी मंडळाच्या संक्रांतीला त्यांच्या हातून तिळगूळ घेतला नाही. पण ती सून होती, तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. इथं लग्नच पणाला लागलं होतं.

मग त्यांनी प्रशांतच्या तपासण्यांचे कागद पुन्हा पाहिले आणि किडनीच्या डॉक्टरांकडे गेल्या. मीही मागोमाग.

“या मुलाचं प्रेशर दोन्ही वेळा वर आलंय. खटकत नाही का तुम्हाला?”

डॉक्टर सावध माणूस. “खटकतं. घरी नेऊन चोवीस तास मोजायला सांगता येईल.”

“सत्तावीस वर्षांचा मुलगा, वडिलांच्या घरात हा आजार, आणि वर प्रेशर. चोवीस तास मोजून हा तुम्हाला आवडायला लागेल?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “नाही,” ते म्हणाले. “मी हा दाता घेणार नाही.”

प्रेशर खरं होतं. ते आई शेजारी बसल्यामुळे वर गेलं होतं की आजार आतून डोकावत होता, ते तपासल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तपासायचं नव्हतं. बाहेर आल्यावर मी इंदूताईंना म्हणाले, हे खोटं नाही ना?

“नाही.”

“मग?”

“मग काय? पूर्ण खरंही नाही. अगं, मी काय सत्यनारायण आहे?” असं म्हणून त्या दहा पावलं गेल्या आणि थांबल्या. “त्या कोल्हापूरच्या पोरीला मी तोंड दाखवू शकत नाही, एवढं मात्र झालंय.”

प्रशांतला त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. तिशीनंतर सोनोग्राफी कर, प्रेशर दरवर्षी बघ, ही एक. दुसरी, त्या मुलीला सांग. “रिझल्ट नाही तुझ्याकडे, पण शक्यता आहे. तेवढी तिची आहे.” तो “बघतो” म्हणाला. आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ काय होतो ते स्लाइडवर होतं.

मानेकाकूंना प्रेशरचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चक्क सुटका दिसली. प्रेशर त्यांच्या भावाला होतं, शेजाऱ्यांना होतं, प्रेशरनं कुणाचं लग्न मोडत नाही. मग रवीचं आठवलं.

“आता रक्ताचं कुणी उरलं नाही हो.”

मेधा दाराशी उभी होती. आठवड्यातून तीनदा रवीला सेंटरला सोडणारी, अन्वीला शाळेतून आणणारी, सगळ्यांचे कोट हातावर घेऊन उभी राहणारी. ती म्हणाली, “रक्ताचंच लागतं का?”

“नाही,” इंदूताई म्हणाल्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर टाळणं त्यांना जमत नसे. “गट जुळला की पुरे. या आजारात तर रक्ताचं नसलेलं बरं. संशयाला जागाच नाही.”

सगळ्यांनी मेधाकडे पाहिलं. मानेकाकू गोंधळून म्हणाल्या, “ती? पण ती तर नागपूरची.”

“म्हणूनच,” इंदूताई म्हणाल्या.

त्या घरात सून आणताना घराणं पाहिलं होतं, पत्रिका पाहिली होती, आणि नागपूर जरा लांब पडतं म्हणून कुरकुर झाली होती. आता ती लांबून आलेली आहे हाच तिचा एकमेव मोठा गुण ठरला.

आठवडाभरात सगळं फिरलं. सांगलीहून फोन, फ्रिस्कोतल्या मैत्रिणींचे डबे. मंडळातल्या एक काकू मला भेटून म्हणाल्या, “बायकोच ती, देणारच की. यमाच्या दारातून आणायची आपली परंपरा.” मी हे इंदूताईंना सांगितलं तेव्हा त्या जेवत होत्या. त्यांनी डबा बंद केला.

“कालपर्यंत हिला कुणी मोजत नव्हतं. आज सगळे हिच्या कुशीवर हात ठेवून बसलेत.”

मेधाची भेट ठरली. मानेकाकूंना पुन्हा जेनिफरकडे जायचं आमंत्रण मिळालं. “मागच्या वेळी सगळं सांगितलं की,” काकू म्हणाल्या.

“फराळाचं राहिलं,” इंदूताई म्हणाल्या.

दार लोटल्यावर मेधा सरळ म्हणाली, “मावशी, प्रशांतभाऊजींचं प्रेशर मी घरी मोजलं होतं. नॉर्मल होतं. मी कुणाला बोलले नाही.”

इंदूताईंनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही.

“मला फक्त एवढं विचारायचंय. तशी सोय मलाही आहे का?”

“आहे.”

“माझं प्रेशर चांगलंय पण.”

“मी बघते काय करायचं ते. भांडायचं असेल तर लोक माझ्याशी भांडतील. सवय आहे मला.”

मेधा हसली. “आठ वर्षांत गाडी कुठल्या रंगाची घ्यायची हे सुद्धा मला कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “आणि पहिल्यांदा विचारलं, ते एकदम किडनीच.”

“एक अजून सांगायचंय,” इंदूताई म्हणाल्या. “हे ऐक आणि मग ठरव. अन्वी रवीची मुलगी आहे.”

“माहितीये मला. निम्मी शक्यता.”

“तिला पुढंमागं लागली, तर तुझी दिलेली असेल. परत मागता येणार नाही.”

ते ऐकताना मेधाचा चेहरा मी पाहू शकले नाही. मी ड्रॉवरच्या कडीकडे पाहत होते. इंदूताईंनी तो उघडला नाही.

“सिरियसली, हे मला अजून कुणीच सांगितलं नव्हतं,” मेधा म्हणाली. “सगळे म्हणतात मोठ्या मनाची आहेस.” ती खिडकीकडे वळली. खाली पार्किंगमध्ये रवी अन्वीला घेऊन थांबला होता. “अन्वीला आत्ता किडनी नकोय, मावशी. आत्ता तिला बाप हवाय. पुढचं पुढं. देते मी.”

“घाई नाही. दोन आठवडे घे.”

“दोन आठवड्यांनी हेच सांगेन.”

“तरी घे.”

दोन आठवड्यांनी तिनं तेच सांगितलं. इंदूताईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं, इतकं की शेवटी मेधाच वैतागली. “मावशी, तुम्हाला मी नाही म्हणायला हवंय का?”

“नाही गं. तुला म्हणता येतं का, ते बघतेय.”

ऑपरेशन झालं. रवी आणि मेधा दोघंही ठीक आहेत. गाडी आता मेधाच ठरवते, असं रवी सांगतो. प्रशांतला मी हे लिहायची परवानगी विचारायला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “लिहा की. बायकोला लग्नाआधीच सांगितलं होतं मी. तिच्या वडिलांनी महिनाभर तोंड फिरवलं, तिनं नाही.” तपासणीचं पुढं काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इंदूताईंना हे कळवायला मी फोन केला. तोवर त्या निवृत्त होऊन मुलाकडे सांता क्लाराला गेल्या होत्या. “मग आता त्या पोरीला तोंड दाखवायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या मात्र ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या. मेधाच्या शेवटच्या तपासण्या चालू होत्या. मानेकाकू एकट्याच प्रतीक्षागृहात बसल्या होत्या. आम्ही दोघी तिथून जात होतो, तर त्यांनी हाक मारली.

“ताई, इथून नागपूरला फोन लावता येतो का?”

“मेधाच्या आईला का?” मी म्हणाले. “तिनं कळवलंय त्यांना, काकू.”

“तिनं कळवलंय. मी विचारलेलं नाही.”

इंदूताई थांबल्या.

“मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात ऐसपैस बसलो होतो आम्ही,” काकू म्हणाल्या. “वरपक्ष ना. चहा गार झाला म्हणून बदलायला लावला होता ह्यांच्या भावकीनं. आता कुठल्या तोंडानं मागू? पण पोटची पोर आहे तिची. विचारायला तर पाहिजे.”

“नाही म्हणाल्या तर?” इंदूताईंनी विचारलं.

“आई आहे. म्हणू शकते की.”

काकूंच्या पर्समध्ये भारतात फोन करायचं कार्ड होतं. ते कसं वापरायचं, त्यांना माहीत नव्हतं. इंदूताईंनी भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला, कार्डावरचा लांबलचक नंबर दाबला, मग नागपूरचा दाबला. एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून दाबला. रिंग वाजायला लागल्यावर रिसीव्हर त्यांनी काकूंच्या हातात दिला. काकूंनी आधी पदर डोक्यावरून घेतला, समोर कुणी नसताना, आणि मग फोन कानाला लावला.

“विहीणबाई? मी रवीची आई. बसलाय ना तुम्ही? मी मागायला फोन केलाय.”

मला थांबून ऐकायचं होतं. माझ्या कामाचा भागच होता तो, असं मला वाटत होतं. इंदूताईंनी माझा दंड धरला.

“चल. आपलं काही काम नाही इथं.”

त्या भराभर चालत होत्या, मागं न बघता. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं. बराच वेळ आम्ही दोघी तशाच समोर बघत उभ्या होतो, आणि मग माझ्या लक्षात आलं की लिफ्ट हललेलीच नाही. बटण दाबायचं राहिलं होतं.